बारकीचे शेवटचे दोन भाग

चित्रातल्या माणसाचे ओठ मिटले, की आपलं वाक्य संपलेलं असलं पाहिजे. माझ्या कामाचा पहिला नियम हा. दुसरा नियम असा, की ओठ हलत असताना गप्प राहता येत नाही. सांगण्यासारखं काही असो वा नसो, तेवढा वेळ भरावाच लागतो. स्वभावाने मी नेमकी उलटी. त्यामुळे या कामात कशी टिकले याचं घरच्यांना अजून नवल वाटतं.

मी डहाणू रोडला लागून असलेल्या मसोलीत राहते आणि परदेशी मालिकांचे मराठी संवाद लिहिते. बहुतेक जपानी चित्रमालिकांचे. त्यांना ॲनिमे म्हणतात. 'कार्टून' म्हटलं की बघणारी मुलं चिडतात. शेजाऱ्यांना मात्र मी 'कार्टूनचं काहीतरी करते' एवढंच ठाऊक आहे आणि ते मला सोयीचं पडतं.

जपानी येतं का, हे सगळे विचारतात. नाही येत. कंपनी चित्रफीत पाठवते, सोबत इंग्रजी संवाद असतात, त्यावरून मी मराठी करते. मी इंग्रजी शाळेत शिकले. आमच्या मराठीच्या बाई म्हणायच्या, "तुझी मराठी पाहुण्यासारखी आहे गं, चप्पल काढून दारातच उभी." ती आत आली ती नंतर, बाजारात आणि रिक्षात लोकांचं ऐकून. मी बोलत कमी असल्यामुळे ऐकायला वेळ भरपूर मिळाला.

ॲनिमेत ओठ तीनच तऱ्हांनी हलतात : मिटलेले, अर्धे आणि उघडे. त्यामुळे शब्द कुठलाही चालतो, फक्त वेळ जुळायला हवा. अवघड असतं ते शब्दांच्या मधलं. हसू, हुंदका, दचकणं, जिना चढताना लागलेला दम, हे सगळं पानावर वेगळं लिहावं लागतं आणि कलाकाराला वेगळं करून द्यावं लागतं. माझ्या वडिलांनी एकदा एक पान वाचलं. त्यावर ओळीने नुसते 'हं', 'अं', 'हुं' होते. "याला शिक्षण लागतं?" असं विचारून त्यांनी चष्मा काढला.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. कलाकार एकत्र बसत नाहीत. प्रत्येक जण वेगळ्या दिवशी येतो आणि काचेमागे एकटा उभा राहून आपल्या ओळी बोलून जातो. पडद्यावर गळ्यात पडून रडणाऱ्या मैत्रिणी एकमेकींना कधी भेटलेल्याही नसतात.

गिऱ्हाइकं विचित्र मिळतात. लहान मुलांची एक भुतांची मालिका आली होती. वरून ताकीद होती, की 'भूत' आणि 'मेला' हे शब्द नकोत, पालक तक्रार करतात. मग तलवार उपसून खलनायक गरजायचा, "आज मी तुला दिसेनासा करीन!" डहाणूतल्या एका चिकूवाडीच्या मालकांना नातवाच्या वाढदिवसाला एका जपानी योद्ध्याकडून शुभेच्छा हव्या होत्या, त्याही नातवाचं नाव घेऊन. मी म्हटलं, दुसऱ्याचं चित्र आपण असं वापरू शकत नाही. आमच्या रेकॉर्डिंगवाल्या केतनभाईंनी ते माझ्या पाठीमागे करून दिलं. योद्धा गुडघ्यावर बसून 'जय श्रीकृष्ण' म्हणाला.

केतनभाईंचा मसोलीत फोटो स्टुडिओ आहे. मागच्या खोलीच्या भिंतींना त्यांनी गोधड्या आणि अंड्यांचे ट्रे लावले आहेत. तीच आमची रेकॉर्डिंगची खोली. बाजारातून भोंगा लावून फिरणाऱ्या रिक्षांच्या जाहिराती तिथे तयार होतात : साड्यांचा सेल, हरवलेली म्हैस, क्रिकेटचे सामने. मी तिथे जायचे ते कच्च्या आवाजासाठी. संवाद लिहून झाले की मुंबईला पाठवण्याआधी कोणाकडून तरी ते वाचून घेऊन चित्रावर लावून बघायचे, ही माझी पद्धत. माझा स्वतःचा आवाज मला ऐकवत नाही.

तिथेच भारती भेटली. सेलच्या जाहिराती तीच बोलायची, मराठीत, गुजरातीत आणि त्यांच्या पाड्यावरच्या बोलीत. ती उधव्याची. तिथून इको गाडीने तलासरीला आणि पुढे डहाणूला यायची. आश्रमशाळेत शिकलेली आणि माझ्याच वयाची. लहानपणापासून तिला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. अंग दुखायला लागलं की गरम पाण्याची बाटली पोटाशी धरून बोलायची आणि आवाजात काहीही कळू द्यायची नाही.

पहिल्याच दिवशी माझं पान वाचून ती म्हणाली, "लेखिकाबाई, ह्यात श्वास कुठं घ्यायचा? का बाई मेल्यावरच घेणार?"

मी घरी जाऊन पान पुन्हा लिहिलं. दुसऱ्या दिवशी तिने ते वाचलं आणि मान डोलावली. "बघ. आता माणूस बोलल्यासारखं वाटतंय. काल कलेक्टर बोलत होता."

आमची मैत्री झाली ती अशी. ती बोलायची, मी लिहून आणायचे. मला फारशा मैत्रिणी नव्हत्या आणि तिलाही नव्हत्या. फरक एवढाच, की ते तिच्याकडे बघून कळायचं नाही.

मग ती मालिका आली. नाव सांगता येत नाही, तसा करार असतो. एका लहान गावातल्या चार मुली शाळेत एकत्र टेबल टेनिस खेळतात. त्यांतली सगळ्यात लहान मुलगी आजाराने जाते आणि उरलेल्या तिघी तिच्याशिवाय एकमेकींकडे बघूही शकत नाहीत. काही वर्षांनी शाळा बंद होणार असते, खेळाची खोली रिकामी करायला त्या परत येतात, आणि सामान आवरता आवरता जुनं बोलणं निघतं. गेलेली मुलगी फक्त आठवणींत दिसते. तिचं जपानी नाव आमच्या जिभेवर बसेना. भारतीने तिला 'बारकी' केलं.

बारकीचा कच्चा आवाज भारतीनेच दिला होता. मुंबईला पाटकर सर म्हणून दिग्दर्शक आहेत, तुटक बोलतात. त्यांचा मला फोन आला, "ही मुलगी कोण? हिलाच घ्यायचं." भारतीला सांगितलं तर ती हसत सुटली. "म्हणजे आता साड्या नाय विकायच्या? मेलेली पोरगी व्हायचं?"

"आठवणीतली," मी म्हटलं.

"तेच ते. पण मजेत हाय ही. बाकीच्या तिघी रडतात, ही हसते."

ती मुंबईला जाऊन थोडं थोडं रेकॉर्ड करून यायची. शेवटचे दोन भाग तेवढे राहिले होते, त्यांचं कच्चं वाचनही झालं नव्हतं. त्यातला शेवटचा म्हणजे सगळ्या मालिकेचा जीव. तिघी रिकाम्या खोलीत झोपतात आणि तिघींना एकच स्वप्न पडतं. बारकी येते, खेळते, भांडते आणि निरोप घेते.

पावसाळा सरता सरता भारतीला दुखण्याचा झटका आला. छातीत गेलं, असं तिच्या भावाने फोनवर सांगितलं. मला वाटलं, नेहमीसारखीच आठवड्याने येईल. ती गेली.

मी उधव्याला गेले नाही. कोणाच्या घरी मरण झालं की तिथे जाऊन काय बोलायचं हे मला कळत नाही. मी घरी बसून इतर कामं केली.

काही दिवसांनी सरांचा फोन आला. म्हणाले, वाईट झालं. मग म्हणाले, दोन भागांसाठी दुसरी मुलगी घेतली तर आवाज मध्येच बदलेल. कंपनी सांगतेय, सगळेच भाग नव्या मुलीकडून पुन्हा करा, जुना आवाज काढून टाका.

भारतीचा आवाज काढून टाकायचा, हे ऐकल्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाचं तरी बोलणं मध्येच तोडलं. "सर, मला थोडे दिवस द्या. तिच्या आवाजातच करते."

केतनभाईंच्या संगणकावर भारतीचं सगळं होतं. कच्चे आवाज, टाकून दिलेल्या ओळी, चुकल्यावर आलेलं हसू, खोकला, 'थांब जरा, पाणी पिते'. मुंबईहून सरांनी तिथली उरलेली रेकॉर्डिंग पाठवली. आणि मी उलटं काम सुरू केलं. एरवी अर्थ ठरलेला असतो आणि त्याला शब्द शोधायचे असतात. इथे शब्द ठरलेले होते. भारती जे बोलून गेली तेवढंच. त्यातून बारकीचा निरोप शिवायचा होता. एका भागातला 'नको ना', दुसऱ्यातलं 'तुम्ही तिघी', कच्च्या आवाजातलं हसू. बारकीच्या तोंडी जे बसेना, ते मी बाकीच्या तिघींच्या तोंडी घातलं.

केतनभाई कातरायचे, जोडायचे आणि मान हलवायचे. "बेन, ही तर पक्की गोधडी झाली. टाका पण दिसत नाय."

खरंच दिसत नव्हता. स्वप्नाच्या सुरुवातीला बारकी घरी आल्यासारखी दारातून हाक मारते. पहिल्या भागात ती शाळेतून घरी येते, तिथे मी 'आई, मी आले' अशी ओळ लिहिली होती. भारतीने पहिल्या कच्च्या वाचनात ती पान न बघता, घरी म्हणायची तशी म्हटली होती : "आये, आली गो मी!" ती मी उचलली. सगळ्या भागात जिवंत अशी तीच ओळ होती. इतकं चांगलं काम मी आधी केलं नव्हतं, आणि त्याचा मला अभिमान वाटत होता, हेही सांगते. सरांनी पाहिलं आणि म्हणाले, "पाठव. पण घरच्यांना एकदा विचारून घे."

म्हणून आम्ही उधव्याला गेलो. केतनभाईंची मोटारसायकल, मागे मी, मांडीवर लॅपटॉप. मला वाटत होतं, मी त्यांना काहीतरी द्यायला चालले आहे.

घरी भारतीचा भाऊ सुरेश होता. सीमेपलीकडे गुजरातेत एका कारखान्यात कामाला जातो, त्या दिवशी सुट्टी होती. आई परसात भांडी घासत होती. ते गवत कापणीचे दिवस होते, त्यामुळे ती नुकतीच कामावरून आली होती. सुरेशने ओटीवर खाट टाकली. आम्ही कशासाठी आलोय ते मी त्याला हळू आवाजात सांगत होते. तेवढ्यात आवाज पोचतो का ते बघायला केतनभाईंनी बटण दाबलं.

"आये, आली गो मी!"

परसातून लगेच उत्तर आलं. "ये गो. पाय धू आधी."

भांड्यांचा आवाज थांबला. केतनभाईंनी लॅपटॉप बंद केला, पण खूप उशिरा. आई दारात येऊन उभी राहिली. हाताला राख तशीच. तिने आमच्याकडे पाहिलं नाही, आमच्या मागे रस्त्याकडे पाहिलं.

"कोण बोललं?"

सुरेश म्हणाला, "आये, मशीनमधला हाय. रेकॉर्डिंग."

ती खाली बसली. हाताची राख पदराला पुसून मला म्हणाली, "तू ती लिहिणारी का? ती सांगायची तुझं. सगळं लाव, बाय. आता लावलंस तर सगळं लाव."

मी तो भाग लावला. ती पडद्याकडे फारसं बघत नव्हती, मान खाली घालून ऐकत होती. संपल्यावर तिने विचारलं, "हे कवा बोलली ती?"

मी समजावून सांगितलं. हा शब्द या दिवशीचा, ते हसू त्या दिवशीचं, आम्ही जोडलं. सांगताना मला थोडं बरंही वाटत होतं, कारण कोणीतरी टाके विचारत होतं.

"म्हंजे हे ती बोलली नाय."

"बोललीच मावशी. आवाज तिचाच आहे. फक्त..."

"बोलली नाय. ती गेल्यावर तुम्ही बोलवलंत." ती रागावलेली नव्हती. दमलेली होती. "जितेपणी दुखत असलं तरी जायची कामाला. मी बोलायची, राहू दे आज. आयकायची नाय. आता मेली तरी कामाला लावलीत तिला?"

सुरेश मध्ये पडला. "आये, तसा नाय ना. नाव राहील तिचं. लोक ऐकतील."

"जेवढं बोलली तेवढं ऐकू दे की. मी कुठं पुसा म्हणते?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तिचा दिवस करायचा हाय, गवत संपल्यावर. काम अर्धं टाकून माणूस जात नाय, बाय. मागं बघत राहतं. तू तिचं काम संपव. दुसरी पोरगी घे. हिला सोड."

परत जाताना सुरेश रस्त्यापर्यंत आला. त्यांच्या पाड्यावर दिवस होईपर्यंत गेलेल्याला नाव घेऊन हाक मारत नाहीत, असं त्याने सांगितलं. मारली तर ते माणूस वळतं. दिवसाला जेवण घालायचं, गाणारा बोलवायचा, त्या दिवशी मात्र नाव घेऊन सांगायचं आणि मोकळं करायचं. "मला काय, मला आवडलं असतं," तो म्हणाला. "पण आये तिला बघत बसली दारातून, बघितलंत ना तुम्ही?"

मी बघितलं होतं.

मला हे पटलं का? खरं सांगायचं तर आजही ठरवता येत नाही. माझं घर वेगळं, शाळा वेगळी. गेलेल्या माणसाचं जे उरलंय ते जपावं, असंच मला वाटत आलंय. पण त्या रात्री मी पुन्हा तो भाग ऐकायला बसले, तर पहिली ओळ आली की तिच्यामागे मला ते दुसरं वाक्य ऐकू यायचं, जे आम्ही रेकॉर्ड केलंच नव्हतं. पाय धू आधी.

फोन करायचा म्हणजे मला आधी कागदावर लिहून घ्यावं लागतं. त्या दिवशी लिहून घेतलं तरी उपयोग झाला नाही. उधव्याला काय झालं ते ऐकून सर भडकले. "तूच म्हणालीस, मी करते. तूच करून दाखवलंस. भाग मंजुरीला गेलाय, कंपनीला आवडलाय. आता काय सांगू त्यांना?"

"घरचे नको म्हणतात."

"भाऊ हो म्हणाला ना?"

"आई नको म्हणते."

"अगं, त्या एकदा पूर्ण मालिका बघतील, तर..."

मी गप्प राहिले. गप्प राहणं एवढंच मला नीट जमतं. सर म्हणाले, "मग कंपनी सगळेच भाग बदलायला सांगेल. पूर्ण आवाज जाईल तिचा. चालेल?"

त्याची भीती मला सगळ्यात जास्त होती. ओठ हलत होते आणि वाक्य हाताशी नव्हतं. मी म्हटलं, "नाही चालणार. दहा भाग तिचेच राहायला हवेत. ती बोलली ते तिचं आहे. शेवटचे दोन नव्या मुलीचे. बदललेला आवाज ऐकू आला तर येऊ दे, सर. ती मेलीय. कळू दे ना लोकांना." माझा आवाज मलाच मोठा वाटला. बाहेरच्या खोलीत वडिलांनी टीव्ही बंद केला.

सरांनी कंपनीशी भांडण केलं असावं. ते कधी सांगणार नाहीत. दोन दिवसांनी निरोप आला : नवीन मुलगी ठाण्याची आहे. संवाद पुन्हा लिहून पाठव, गोधडी नको.

लिहायला बसले तेव्हा आधी हात चालेना. आता बारकी काहीही बोलू शकत होती. मूळ इंग्रजीत होतं ते सगळं, जे मी भारतीच्या शब्दांत बसत नाही म्हणून गाळलं होतं. मुळात बारकी स्वप्नात तिघींना चांगलीच झापते. माझ्या नावाने रडून तुम्ही आपली कामं चुकवताय, असं म्हणते. माझ्या गोधडीत ती नुसती गोड बोलत होती, कारण आमच्याकडे भारतीचं रागावलेलं रेकॉर्डिंग नव्हतं. माझ्यावर ती रोज रागवायची, पण ते कोण रेकॉर्ड करणार?

मी मुंबईला गेले. नवी मुलगी चांगली होती. शहाणी, झटपट काम करणारी. मध्येच थांबून तिने विचारलं, "इथे श्वास कुठे घेऊ?" मी पानावर जागा दाखवली आणि पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर आले.

मालिका इंटरनेटवर लागली. खाली प्रेक्षकांनी लिहिलं, शेवटी आवाज का बदलला, मजा घालवली, मराठीवाले असेच. एकाने लिहिलं होतं, 'नवीन आवाज ऐकून पहिल्यांदा वाटलं की ती खरंच गेली.' केतनभाईंनी ते मला पाठवलं.

गवत संपल्यावर भारतीच्या दिवसाला मी एकटीच उधव्याला गेले. अंगणात माणसं पानांवर जेवायला बसत होती. गाणारा म्हातारा कोपऱ्यात बसून संथ, एका सुरात गात होता, त्यातलं मला सगळं कळत नव्हतं. कडेला भारतीसाठी एक पान वेगळं वाढलेलं होतं, भात, डाळ, सुकी मासळी. मी कुंपणापाशी उभी राहिले, कोणाच्या नजरेत येणार नाही अशी. भारतीच्या आईने मला तिथून शोधून काढलं.

"झालं काय तिचं काम?"

"झालं, मावशी."

"मग तिला सांग."

मला वाटलं, गाणारा सांगेल. किंवा सुरेश. तिने माझा दंड धरला आणि त्या वेगळ्या पानासमोर नेऊन उभं केलं. "तू सांग. कामाचं तिला तूच सांगायचीस ना? नाव घेऊन सांग."

गाणं थांबलं. सगळं अंगण माझ्याकडे बघत होतं. माझ्या हातात कागद नव्हता, काही लिहून आणलं नव्हतं. इतक्या लोकांसमोर मी कधी बोलले नाही.

"भारती," मी म्हटलं, ते मागच्यांना ऐकू गेलं नाही. पुन्हा सुरुवात केली. "भारती, काम संपलं. दुसरी मुलगी आली, ती करते बरं. आता मी तुझ्यासाठी काही लिहिणार नाही."

आईने दंड सोडला. मग खाली बसून वेगळ्या पानाशेजारी पाण्याचा तांब्या ठेवला, उठली, आणि माणसांच्या पंगतीत जागा करत मला म्हणाली, "बस. जेव आता."